दुखणं खरं आहे, पण घाई नको

पाठ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेलात आणि ‘वजन कमी कर’ एवढंच ऐकून परत आलात, असं तुमच्यापैकी कितीजणींचं झालंय? ब्राच्या पट्ट्यांचे खांद्यावर उमटलेले वळ, उन्हाळ्यात स्तनांखाली उठणारं पुरळ, ‘आज बरं नाही’ सांगून मैदानावर मारलेली दांडी. अंगकाठीच्या मानाने स्तन खूप मोठे असतील, तर हे रोजचंच. घरी बोलायला जावं तर आई म्हणते, ‘ओढणी नीट घे.’ विषय संपला!

मोबाइलवर मात्र हा विषय संपत नाही. ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार कमी करण्याच्या ऑपरेशनचे ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, हॉस्पिटलच्या बेडवरून केलेले व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत ही ऑपरेशन्स वाढली आहेत आणि करून घेणाऱ्यांत विशीच्या आतल्या मुलीही आहेत. ते व्हिडिओ आपल्या हॉस्टेलच्या खोलीपर्यंत पोचतात. मग मनात येतं, आपणही करून टाकावं का?

या प्रश्नाला हसू नका. रोमानियाची टेनिसपटू सिमोना हालेप आठवा. २००८मध्ये ती फ्रेंच ओपनची ज्युनिअर विजेती झाली, पण पाठ दुखायची, चेंडूपर्यंत वेगाने पोचता यायचं नाही. २००९मध्ये, सतराव्या वर्षी तिने हे ऑपरेशन करून घेतलं. पुढे ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली, २०१८मध्ये फ्रेंच ओपन आणि २०१९मध्ये विम्बल्डन जिंकली. ऑपरेशनमुळे जिंकली असं नाही. जिंकली ती मेहनतीने. पण शरीराचा त्रास खरा होता आणि तो तिने लपवला नाही. बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये तर किशोरवयीन मुलींसाठी वेगळं ब्रेस्ट क्लिनिक आहे. योग्य मुलीवर हे ऑपरेशन झालं तर दुखणं कमी होतं आणि आत्मविश्वासही वाढतो, असं तिथल्या संशोधनात दिसलंय. म्हणजे हे नुसते ‘नखरे’ नाहीत.

पण व्हिडिओ तीस सेकंदांचा असतो, व्रण आयुष्यभराचा. पूर्ण भूल देऊन सर्जन जादा चरबी, ग्रंथी आणि त्वचा काढतात. स्तनाग्राभोवती आणि खालच्या बाजूला व्रण राहतात. ते फिके होतात, जात नाहीत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, जखम भरायला वेळ लागणं हे धोके आहेतच. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, कधी कायमची. पुढे बाळाला पाजताना दूध कमी पडू शकतं. सतराव्या वर्षी हा विचार कोण करतं? पण तेव्हाच करायला हवा.

किशोरवयातला सगळ्यात मोठा प्रश्न मात्र वाढीचा. स्तनांची वाढ थांबलेली नसताना ऑपरेशन केलं तर ते पुन्हा वाढू शकतात, आणि दुसऱ्यांदा टेबलवर जायची वेळ येऊ शकते. म्हणून आकार किमान सहा महिने ते वर्षभर स्थिर आहे का, हे डॉक्टर पाहतात. काही मुलींचे स्तन थोड्याच महिन्यांत अचानक खूप वाढतात. तो वेगळा आजार आहे, तिथे थांबण्याचा हिशेबही वेगळा.

मग करायचं काय? आधी नीट मापाची ब्रा घ्या. चुकीचं माप वर्षानुवर्षं वापरणाऱ्या कितीतरी जणी आहेत. पाठीसाठी फिजिओथेरपी करून बघा. तरी त्रास राहिला, तर प्लॅस्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी असलेल्या सर्जनकडेच जा. पार्लरसारखी ‘ऑफर’ लावणाऱ्या क्लिनिकमध्ये नको. व्रण कुठे येतील, पुढे अंगावर पाजता येईल का, पुन्हा वाढ झाली तर काय, हे तोंडावर विचारा. आरोग्य विम्यात निव्वळ दिसण्यासाठी केलेली सर्जरी बसत नाही, त्यामुळे खर्चाचंही आधीच बोला. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची संमती लागतेच. म्हणजे आईशी हा विषय काढावाच लागणार. ओढणीच्या पुढे जाऊन.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. दुखतंय ते नेमकं काय? पाठ दुखत असेल, तर उपचार तुमचा हक्क आहे, त्यात लाज कसली? पण कट्ट्यावरच्या कमेंट्स आणि लोकलमधल्या नजरा दुखत असतील, तर त्या ऑपरेशनने जाणार नाहीत. तिथे सुधारायचंय ते बघणाऱ्यांनी.

म्हणूनच कट्ट्यावरच्या मित्रांनो, हे पान तुमच्यासाठीही आहे. वर्गातली एखादी मुलगी सतत पुस्तकं छातीशी धरून, पोक काढून चालते. ती तशी का चालते, याचा विचार कधी केलाय? तुमची एक कमेंट कमी झाली, तर तिला निर्णय शांतपणे घेता येईल. ऑपरेशन करायचा किंवा न करायचा, कोणताही. पण तिचा स्वतःचा.