हजेरी, गुण आणि एक संशोधनपत्रिका



लालबाग-परळच्या बहुतेक घरांत केईएम हॉस्पिटलचा एखादा तरी केसपेपर असतोच. पण याच केईएम आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजची स्टाफ सोसायटी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ही संशोधनपत्रिका चालवते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? तिच्यातले लेख इंटरनेटवर कोणालाही फुकट वाचता येतात.

अशा पत्रिकेचा उपयोग किती होतो, हे मोजायचं कसं? सर्वांत प्रसिद्ध माप म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. हिशेब आपल्या वर्गातल्या भागाकाराइतका सोपा आहे. समजा, मागच्या दोन वर्षांत १०० लेख छापले आणि यंदा संशोधकांनी त्यांचा १५० वेळा संदर्भ दिला, तर उत्तर आलं दीड.

केईएमच्या पत्रिकेशी संबंधित डॉक्टरांनी २००५ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत आपल्याच पत्रिकेचा अभ्यास मांडला होता. लेख सर्वांसाठी खुले झाल्यावर त्यांना मिळणारे संदर्भ वाढलेले दिसले. दार उघडलं की माणसं येतात, हे खरंच!

पण माझं मत असं, की एवढ्या एका आकड्यावर थांबू नये. साइटवर किती जण आले, किती लेख डाउनलोड झाले, ही झाली हजेरी. हजेरी लागली म्हणजे धडा समजला असं नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आणि खेड्यातल्या एखाद्या डॉक्टरने लेख वाचून उपचार बदलला, पण स्वतः काही लिहिलं नाही, तर त्याची नोंद कुठल्याच आकड्यात होत नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनीही सांगितलं, की पत्रिकेच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून संशोधकाची किंमत करू नका. आपणही मुलाला एका पेपरच्या गुणांवरून जोखू नये, असंच म्हणतो ना?

आता थोडं आपल्याबद्दल. दुसऱ्या शिक्षकाची कृतिपत्रिका आपण ग्रुपवर पुढे पाठवतो, तेव्हा खालचं नाव बऱ्याचदा गळून पडतं. मीही हे केलंय. नाव गेलं की ते काम कुठवर पोहोचलं, हे करणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून यंदा माझ्या वर्गात प्रकल्पाच्या शेवटी एक ओळ सक्तीची आहे : ‘ही माहिती मी कुठून घेतली.’ मुलं आजीचं नावसुद्धा लिहितात. संदर्भ देणं म्हणजे तरी दुसरं काय!

पालकहो, घरी प्रकल्प करून घेताना ही ओळ तेवढी विसरू नका.