एक किलोमीटरचे कुंपण

शाळेचे अंतर मोजताना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाचे पाय हिशेबात धरले होते, बापाची गाडी नव्हे. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा अमलात आला. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, आणि हे अंतर चालत जाण्याचे असावे, असे नियमांत लिहिले गेले. याच कायद्याच्या कलम १२ ने खासगी विनाअनुदानित शाळांनाही बजावले, की पहिलीच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्या; खर्चाची भरपाई सरकार करील. कल्पना नवी नव्हती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेची शिफारस केलेली होतीच. साहेबाचे पोर आणि शिपायाचे पोर यांनी एका वस्तीत राहून एकाच शाळेत जावे. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले. शिफारस तेव्हा कागदावर राहिली आणि साहेबाची मुले कॉन्व्हेंटमध्ये गेली.

मग महाराष्ट्रात काय झाले? ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला. एखाद्या खासगी विनाअनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. शहरात अशी शाळा जवळपास नाही असे ठिकाण शोधून सापडायचे नाही. जो एक किलोमीटर गरिबाच्या मुलाला शाळेपर्यंत नेण्यासाठी आखला होता, तोच त्याला बाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला. सीमारेषा तीच, फक्त फाटकाचे कुलूप आतून लागले. पालक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ ला बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्द केला; ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शाळाचालकांची दाद फेटाळली. त्या उन्हाळ्यात अर्जांच्या दुकानांपुढे ज्या आया कागद सांभाळत उभ्या होत्या, त्यांत आपल्या मोहल्ल्यांतल्या आयाही होत्या. आपली वर्तमानपत्रे आणि आपल्या सभा त्यांच्या बाजूने बोलल्या. ते योग्यच झाले.

पण एक प्रश्न त्या सभांत कोणी विचारला नाही, तो इथे विचारायचा आहे. आपल्या समाजाने काढलेल्या इंग्रजी माध्यमाच्या, भरपूर फी घेणाऱ्या शाळांपासून हा एक किलोमीटर कुठे सुरू होतो?

कुठेच नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना २५ टक्क्यांतून वगळले, आणि ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा संपूर्ण कायदा लागू नाही असे ठरवले. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने दिलेला, आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क हा त्यामागचा आधार. तो हक्क मला प्रिय आहे. या देशात आज तो सोडून द्या म्हणणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका घ्यावी, अशीच परिस्थिती आहे. तक्रार हक्काबद्दल नाही. त्याचा उपयोग आपण कोणाविरुद्ध करतो, याबद्दल आहे.

आपली वस्ती कशी बनली ते आठवून पाहा. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठलेल्या कुटुंबांनी मुंब्रा वाढले. पुण्यात कॅम्पातून, पेठांतून माणसे कोंढव्याकडे सरकली. आजही चांगल्या सोसायटीत नाव ऐकल्याबरोबर फ्लॅट 'नुकताच गेला' असे सांगितले जाते. डॉक्टरला असे सांगतात, प्राध्यापकाला सांगतात, गॅरेजवाल्यालाही सांगतात. घर नाकारताना आपल्याला कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. या अन्यायाचा एक विचित्र परिणाम झाला: आपल्या मोहल्ल्यात सगळे वर्ग एकमेकांना खेटून राहू लागले. बाकीच्या शहरात श्रीमंताची वस्ती एका टोकाला आणि गरिबाची दुसऱ्या टोकाला असते. आपल्याकडे कौसरबागेतल्या सोसायट्या आणि मिठानगरच्या गल्ल्या यांत पायी जाण्याइतकेच अंतर आहे. जुम्म्याला एकाच सफीत खांद्याला खांदा लावून उभे राहतो. कोठारी आयोगाला जी शेजारशाळा शहराशहरांत उभी करता आली नाही, तिची जमीन आपल्याला दंगलींनी आणि घरमालकांनी फुकट तयार करून दिली आहे. आणि त्या जमिनीवर आपण काय बांधले? उंच भिंतीची, वातानुकूलित बसची, 'डोनेशन नाही, डेव्हलपमेंट फंड आहे' असे सांगणारी शाळा.

पालकांच्या एका बैठकीला मी होतो. शाळा अल्पसंख्याक दर्जाची. नाव सांगण्याचे कारण नाही, अशा शाळा पुष्कळ आहेत. विश्वस्तांपैकी एका वयस्क गृहस्थांनी सुचवले की कायदा लागू नसला तरी पहिलीच्या काही जागा समोरच्या वस्तीतल्या मुलांना द्याव्यात. त्यांचे वाक्य पुरे होण्याआधीच सभागृह पेटले. 'माहौल बिगड जायेगा सर.' 'वो बच्चों की जबान सुने क्या आप?' एका बाईंनी अगदी नम्रपणे विचारले, त्या मुलांच्या घरी अभ्यास कोण घेणार? एक गृहस्थ म्हणाले, त्यांच्यासाठी महानगरपालिकेची उर्दू शाळा आहे ना, पाच मिनिटांवर! मी चमकलो. फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेतले तर्कशास्त्र, शब्दाला शब्द. जवळ सरकारी शाळा आहे, तेव्हा आमचे दार बंद. ज्या सरकारवर हे गृहस्थ चहाच्या वेळी तोंडसुख घेत होते, त्या सरकारचा हा मसुदा त्यांना तोंडपाठ होता.

'माहौल' या शब्दाबद्दल थोडे बोलले पाहिजे. सोसायटीचा सेक्रेटरी आपल्याला घर नाकारतो तेव्हा तोही माहौलबद्दलच बोलतो. आपल्या रसोईचा वास, आपले पाहुणे, आपली मुले. आपण त्याला जातीयवादी म्हणतो. अमेरिकेत १९७४ साली बोस्टनमध्ये न्यायालयाच्या आदेशाने काळ्या मुलांना बसमधून गोऱ्या वस्तीतल्या शाळांत नेऊ लागले, तेव्हा बसवर दगड पडले. ते वाचताना आपले मन साहजिकच त्या बसमध्ये बसलेले असते. तिथल्या कित्येक गोऱ्या पालकांनीही वंशाचे नाव घेतले नव्हते. ते घराजवळच्या शाळेबद्दल आणि मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलत होते. अंतर हा सभ्य शब्द आहे, त्याच्या आड पुष्कळ काही लपते. आपल्या बैठकीत तर तेही कारण नव्हते. समोरच्या गल्लीतले मूल बसशिवाय, रस्ता ओलांडून येणार होते.

रस्ता ओलांडून! हे तरी सोपे आहे का? प्रवेशाच्या अर्जात घराचे ठिकाण नकाशावर टोचायचे असते. नकाशाला नाला दिसतो, रेल्वेचे रूळ दिसतात. सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून ते ओलांडणारी आई दिसत नाही. आपल्या वस्त्यांत पदपथावर टपऱ्या, टपऱ्यांपुढे दुचाक्या, उरलेल्या जागेत उघडी गटारे. मुलगी आठवीत गेली, आणि शाळा तीन किलोमीटरपलीकडे असली, की घरात कुजबुज सुरू होते. बहुतेक घरांत शिक्षणाला कोणाचा विरोध नसतो, वाटेला असतो. आपल्या मुलींच्या गळतीवर तकरीर करणाऱ्यांनी एकदा ती वाट चालून पाहावी. आणि याच वाटेवरून आपल्याच मोहल्ल्यातला रिक्षावाला रोज सोसायटीतली आठ पोरे कोंबून त्या उंच भिंतीच्या शाळेत सोडतो. त्याची स्वतःची मुलगी वेगळ्या दिशेने पायी जाते. शाळेच्या फाटकापर्यंत रोज पोचणारा तोच बाप, फाटकाच्या आत मात्र त्याला वाव नाही.

आता आक्षेपांकडे येऊ. सगळेच फोल नाहीत.

सरकार पैसे देत नाही, हा पहिला. खरा आहे. महाराष्ट्रात एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये प्रतिपूर्ती ठरली, करोनाच्या काळात ती ८,००० वर आणली गेली, आणि शाळांची थकबाकी वर्षानुवर्षे साचत गेली. आठवीनंतर कायदा हात काढून घेतो आणि नववीच्या फीचा डोंगर एकदम बापापुढे उभा राहतो, हेही खरे. पण ही कारणे हिशेबाची आहेत. बैठकीत हिशेब कोणी मांडला नव्हता.

दुसरा आक्षेप, आपल्या शाळा आधीच गरिबांना शिकवतात. अनुदानित उर्दू शाळांपुरता हा दावा मान्य. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या उर्दू शाळांनी पिढ्यान्पिढ्या विणकराच्या, बिडी कामगाराच्या मुलांना अक्षर दिले. पण त्या शाळांची पुण्याई इंग्रजी माध्यमाच्या ट्रस्टने आपल्या खात्यावर का जमा करावी? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या अल्पसंख्याक शाळांत सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचे प्रमाण अवघे ८.७६ टक्के होते. आयोगाचा हेतू शुद्ध नव्हता, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांतलाच. शिवाय त्याच अहवालात म्हटले होते की धार्मिक अल्पसंख्याकांत मुसलमान ६९.१८ टक्के असूनही शाळांत त्यांचा वाटा २२.७५ टक्केच आहे. म्हणजे तो आकडा मुख्यतः इतरांच्या शाळांचा ठरतो. ठीक. मग आपल्या ट्रस्टांनी आपला आकडा जाहीर करावा. पहिलीच्या वर्गात झोपडीतली, भाड्याच्या एका खोलीतली मुले किती? वार्षिक अहवालात स्नेहसंमेलनाची रंगीत छायाचित्रे छापता, तिथे ही एक ओळ मावेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. एकदा दार उघडले तर सरकार आत शिरेल, ३० वे कलम पोकळ होईल. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी प्रमती निकालाबद्दलच शंका घेतली आणि तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवला. प्रकरण महाराष्ट्रातलेच आहे, म्हणून आपल्याकडे भीतीही अधिक. पण नीट विचार करा. उद्या त्या पीठापुढे आपला वकील उभा राहील तेव्हा त्याच्या हाती काय असेल? 'आमच्या संस्था आम्ही आमच्या दुर्बळ समाजासाठी चालवतो' हे वाक्य. समोरून विचारणा होईल, किती दुर्बळ मुले? त्या वेळी उत्तर देता आले तर ३० वे कलम बळकट होईल. देता आले नाही, तर त्याला पोकळ करणारे आपणच असू. सरकारच्या सक्तीआधी स्वतःहून दिलेल्या जागा, स्वतःच्या नियमांनी, स्वतःच्या यादीने दिलेल्या जागा, हाच त्या हक्काचा सर्वांत मजबूत बचाव आहे.

प्रत्येक संमेलनात आपण फातिमा शेख यांचे नाव घेतो. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे, याचा आपल्याला रास्त अभिमान. ज्या मुलींना त्या दोघी शिकवत होत्या, त्यांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नव्हते. त्यांची जबानही पुण्याच्या वाड्यांत चालणारी नव्हती. फातिमाबींच्या तसबिरीखाली बसून 'त्यांच्या घरी अभ्यास कोण घेणार' असे विचारायचे, हे जमते तरी कसे?

हिशेब आता मी मांडतो. समजा पहिलीत साठ मुले आहेत आणि फी तीस हजार. चौथा हिस्सा म्हणजे पंधरा मुले, साडेचार लाख रुपये. उरलेल्या पंचेचाळीस घरांवर सगळा भार टाकला तरी वर्षाला घरटी दहा हजार, आणि सगळा टाकायची गरजही नाही. याच घरांतून दर रमजानला जकात निघते आणि दूरदूरच्या पावतीपुस्तकांवर जाते. जकात शाळेच्या खात्यावर थेट चालत नाही, तमलीक हवी, असे मौलवीसाहेब सांगतील. बरोबर आहे. ती मुलाच्या बापाच्या हाती द्या, तो फी भरील. त्याचीही मान ताठ राहील. मात्र यादी करताना एक पथ्य पाळावे लागेल. समोरच्या वस्तीत बौद्धवाडा असतो, पारध्यांची पाले असतात, कैकाड्यांची घरे असतात. शेजार म्हटले की तो सगळा आला. त्या मुलांसाठी जकात चालणार नसेल तर लिल्लाहच्या डब्यातले, सदक्याचे पैसे चालतात; त्यावर कोणत्या फतव्याची वाट पाहायची गरज नाही. आणि त्यांना वेगळी तुकडी, वेगळी पाळी, मागचा बाक नको. खासगी शाळांनी हे प्रकार केल्याच्या तक्रारी आपण वाचल्या आहेत.

ज्यांच्या भागात इतर खासगी शाळा २५ टक्क्यांत येतात, त्यांनी एवढे तरी करावे की तिथला आपला वाटा सोडू नये. अल्पसंख्याकाला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. पण तांबोळी, बागवान, पिंजारी यांच्याकडे ओबीसीचा दाखला असला तर उत्पन्नाची अट आड येत नाही, हे कितीतरी घरांना ठाऊक नसते. अर्ज निघाले की मशिदीच्या सूचनाफलकावर, नमाजाच्या वेळापत्रकाशेजारी, एक कागद लावायला काय हरकत आहे? आणि त्या कागदाखाली मोहल्ल्यातल्या आपल्या स्वतःच्या शाळेचेही नाव असावे, किती जागा, कोणाला भेटायचे, या तपशिलासह. त्या बैठकीतल्या वयस्क विश्वस्तांना मी हे बोललो. ते म्हणाले, पुढच्या सभेत ठराव पुन्हा ठेवतो, पण अनुमोदन द्यायला एक तरी पालक उभा राहायला हवा.