कबुली कळून, की कंटाळून?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या काउंटी न्यायालयांत ९५० डॉलरहून मोठी चोरी गंभीर गुन्हा ठरू शकते. पण ज्युरीपुढे खटला क्वचितच चालतो. राज्यांतील ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतूनच होतात, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नमूद केले. जामिनाला पैसे नसलेला गरीब कोठडीला कंटाळूनही कबुली देतो.

आपल्याकडेही २००६ पासून 'प्ली बार्गेनिंग' आहे. २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कायम आहे. अर्ज स्वेच्छेचा आहे ना, हे न्यायाधीशांनी आरोपीला एकांतात विचारायचे असते. आमची मागणी एवढीच : हा प्रश्न आरोपीच्या भाषेत विचारावा. न कळलेल्या कागदावरची सही किती महाग पडते, हे दुसऱ्या राजभाषेच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.