पुड्यावर न छापलेली किंमत

कपडे धुण्यास साबणाची वडी बरी की डिटर्जंटची भुकटी, हा प्रश्न वरवर घरगुती दिसतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आहे. तेल व कॉस्टिक सोडा यांपासून झालेल्या साबणाचा विहिरीच्या दुष्फेन पाण्यात साका होतो. वडी झिजते आणि धुणाऱ्या स्त्रीचे श्रम वाया जातात. खनिज तेलापासून बनणारी भुकटी त्याही पाण्यात मळ काढते. १९५९ साली आलेला ‘सर्फ’ मध्यमवर्गापुरताच राहिला. १९६९ नंतर अहमदाबादच्या ‘निरमा’ने स्वस्त भुकटी कष्टकऱ्यांच्या मोरीपर्यंत नेली. ज्यांनी कधी धुणे बडवले नाही, त्यांनीच या सोयीला नाक मुरडावे!

परंतु पुड्यावरील किंमत ही पुरी किंमत नव्हे. धुण्याच्या सोड्याने सोलवटलेले हात मोलकरणीचे असतात आणि फॉस्फेटमुळे शेवाळ माजलेले तळे साऱ्या गावाचे असते. नफा खाजगी आणि नुकसान सार्वजनिक, असा हा हिशेब आहे. तो बदलता येतो. नद्यांवर फेसाचे थर साचू लागले तेव्हा पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला आणि सहजी न विघटणारी द्रव्ये कारखानदारांना बदलावी लागली.

तेव्हा ‘पुन्हा साबणाकडे वळा’ हा उपदेश व्यर्थ आहे. मागणी करावयाची ती फॉस्फेटवर कडक मर्यादेची, पुड्यावर सर्व घटक छापण्याच्या सक्तीची आणि सांडपाण्याच्या शुद्धीकरणाची. मळ घरातून निघून नदीत गेला, एवढ्याने समाज स्वच्छ होत नाही.