विश्लेषण : ट्रेलरवर चढलेल्या गाडीची जबाबदारी कोणाची?

बदलीची ऑर्डर हातात पडली की घरातल्या सामानाइतकाच मोठा प्रश्न असतो तो गाडीचा. माजिवड्याहून बंगळूरु किंवा दिल्लीपर्यंत ती स्वतः चालवत नेण्याची हौस सगळ्यांनाच नसते. मग मोबाइलवर शोध घेतला जातो, दहा मिनिटांत पाच फोन येतात आणि सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला किल्ली दिली जाते. गाडी सुखरूप पोहोचली तर बिल्टी कोणी वाचत नाही. दरवाजा चेपला, काच फुटली किंवा गाडी आठवडाभर बेपत्ता झाली, की त्याच कागदावर सारे ठरते.

ट्रेलर सोसायटीच्या दारात येतो का?

सहसा नाही. पूर्व द्रुतगती मार्ग, घोडबंदर रस्ता आणि मुंबई-नाशिक महामार्ग माजिवड्याला एकत्र येतात. तिथे गर्दीच्या वेळी अवजड वाहनांवर निर्बंध असतात आणि गल्लीत तर लांब ट्रेलर वळूही शकत नाही. त्यामुळे कंपनीचा चालक येऊन गाडी घेतो आणि ती चालवत मानकोली, भिवंडीच्या बाजूला जिथे ट्रेलर भरला जातो तिथे नेतो. म्हणजे पहिले काही किलोमीटर गाडी अनोळखी माणसाच्या हातात, रस्त्यावरच असते. या काळात सिग्नल मोडला तर ई-चलान मालकाच्या नावावर येते.

म्हणून किल्ली देण्याआधी चारही बाजूंचे, छताचे आणि किलोमीटरच्या आकड्याचे फोटो चालकासमोरच काढावेत. गाडीवर आधीचे ओरखडे असतील तर ते पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. फास्टॅगही खाते चालू असेल तर उपयोगी पडतो. ‘ट्रेलरवर आहे’ असे सांगितलेल्या गाडीचा सातारा किंवा कोल्हापूरच्या बाजूने कारच्या दराने टोल कापल्याचा मेसेज आला, तर ती चालवत नेली जात असल्याची शंका घ्यायला हरकत नाही.

नुकसान झाले तर कंपनी किती देणे लागते?

बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो. रस्तामार्गे मालवाहतुकीचा २००७ चा कायदा १ मार्च २०११ पासून लागू आहे. त्याने १८६५ चा ब्रिटिशकालीन कायदा रद्द केला. नव्या कायद्याखालील नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. समजा, भाडे १६ हजार रुपये ठरले आणि गाडीची किंमत ८ लाख आहे. गाडी पूर्ण जळाली तरी कंपनीची मर्यादा १ लाख ६० हजार रुपयांवर येऊन थांबते.

ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग कायद्यातच आहे. माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर देण्याचे लेखी मान्य केले, तर जबाबदारी वाढते. पण हा दर कंपनी आपणहून सुचवेल अशी अपेक्षा धरू नये. आणि गाडीची किंमत लिहायच्या रकान्यात, दर कमी पडावा म्हणून, ‘दोन लाख’ लिहून टाकणारे ग्राहकही कमी नाहीत. जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त भरपाई मिळत नाही.

ग्राहकाच्या बाजूचीही एक भक्कम तरतूद आहे. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा ग्राहकाला सिद्ध करावा लागत नाही. नैसर्गिक आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती अशा मोजक्या अपवादांखाली आपण येतो, हे कंपनीला दाखवावे लागते. पटेल रोडवेज विरुद्ध बिर्ला यामाहा या प्रकरणात वाहतूकदाराच्या गोदामातील आगीत जनरेटर संच जळाले होते. हा नियम ग्राहक न्यायालयांतील तक्रारींनाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये जुन्या कायद्याखाली स्पष्ट केले.

‘ट्रान्झिट विमा’ घ्यावा का?

आधी स्वतःची पॉलिसी उघडून पाहावी. गाडीच्या सर्वसमावेशक पॉलिसीच्या प्रमाणित मजकुरात रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट किंवा विमानाने नेताना होणारे नुकसान समाविष्ट असते. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर हे संरक्षण नाही. स्वतःच्या पॉलिसीवर दावा केला की नो क्लेम बोनस जातो, हा त्यातला तोटा. कंपनी ‘विमा’ म्हणून वेगळे पैसे घेत असेल, तर विमा कंपनीचे प्रमाणपत्र आणि त्यावर आपल्या गाडीचा क्रमांक मागावा. ते नसेल तर दिलेले पैसे म्हणजे केवळ वाढीव भाडे समजावे.

नामांकित कंपनी समजून दुसऱ्यालाच गाडी दिली तर?

हे नित्याचे आहे. ‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ची मालक असलेली डीआरएस लॉजिस्टिक्स याच कारणाने गुगलविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आपले नाव शोधणाऱ्यांना दुसऱ्यांच्या जाहिराती दिसतात, ही तिची तक्रार. जाहिरातीसाठी व्यापारचिन्ह कीवर्ड म्हणून वापरणे हाही त्याचा ‘वापर’च, असे खंडपीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटले. मात्र असा प्रत्येक वापर उल्लंघन ठरत नाही, ग्राहकाची दिशाभूल होते का हे पाहावे लागेल, असेही सांगितले.

फोनवरचा माणूस अनेकदा केवळ दलाल असतो. २००७ च्या कायद्यात दलाल आणि एजंटही ‘वाहतूकदार’ या व्याख्येत येतात आणि त्यांनाही नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा आगाऊ रक्कम पाठवण्याआधी नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक मागावा. पावतीवरचे नाव आणि पैसे घेणाऱ्या खात्याचे नाव वेगळे निघाले, तर तिथेच थांबलेले बरे.

तक्रारीला मुदत किती?

दावा लावण्यापूर्वी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते आणि तीही बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत. गाडी मिळाल्याच्या तारखेपासून नव्हे. ‘दुरुस्तीचे पैसे पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनांवर सहा महिने सहज निघून जातात. व्हॉट्सॲपवरच्या भांडणावर विसंबू नये, स्पीड पोस्टाने नोटीस धाडावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येते. बंगळूरुला गेलेल्या ठाणेकराला कंपनीच्या दिल्लीतील कार्यालयामागे धावावे लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

रेल्वेचा पर्याय आहे का?

गोव्यापुरता होता. कोकण रेल्वेने ट्रकसाठी १९९९ मध्ये सुरू केलेली रो-रो सेवा २०२५ च्या गणेशोत्सवात कारसाठीही चालवली. कोलाड ते वेर्णा, एका गाडीचे भाडे ७,८७५ रुपये आणि एका फेरीत ४० गाड्यांची सोय. प्रतिसाद मात्र थंड होता. ठाण्याहून कोलाडपर्यंत गाडी चालवतच न्यायची, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाचा नकोसा भाग आधी स्वतःच पार करायचा.

गाडी पोहोचल्यावर ताबा घेतानाही घाई नको. ती बऱ्याचदा रात्री, अपुऱ्या उजेडात उतरवली जाते आणि चालक सहीसाठी कागद पुढे करतो. ‘गाडी तपासायची बाकी आहे’ एवढे शब्द सहीच्या वर लिहावेत आणि त्याचा फोटो काढून घ्यावा.