पडला की पाडला?

'फॉल' आणि 'ड्रॉप' यात फरक काय, दोन्हीचा अर्थ पडणेच ना? शाळकरी पोरं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो वाटतो तेवढा सोपा नाहीये मंडळी. टेबलावरचा कप आपोआप खाली आला तर फॉल. हातातला सुटला तर ड्रॉप. वादळात झाड पडतं ते फॉल, तिथे ड्रॉप म्हणत नाहीत. तापमानाला मात्र दोन्ही चालतात! आणि कप सोडणाऱ्याने तो मुद्दाम सोडला की चुकून, हे 'ड्रॉप' स्वतःहून सांगत नाही.

आपली मराठी इथे जास्त नेमकी आहे, असं माझं मत. कप पडला. माझ्या हातून कप पडला. मी कप पाडला. यातलं ते मधलं 'हातून' मला फार आवडतं. माणूस त्यात आहे, पण त्याचा इरादा नाही. एका कान्याने आणि एका 'हातून'ने आपण केवढा हिशोब मांडतो बघा.

आता हा व्याकरणाचा किस कशाला पाडायचा? (इथेही पाडायचाच!) कारण आमच्या रेणापूरकडे या कान्यावर वर्षाचं गणित अवलंबून असतं. बातमी म्हणते, "सोयाबीनचे भाव पडले." कट्टे घेऊन मोंढ्यातून परतलेला माणूस म्हणतो, "भाव पाडलेत ओ." दोघं एकच आकडा सांगत असतात, पण बातमीत भाव पावसासारखा पडतो आणि मोंढ्यातल्या वाक्यात कर्ता असतो.

कर्ता दरवेळी असतोच असं नाही. दसरा-दिवाळीला सगळ्यांचा माल एकदम येतो, आवक वाढते, ओलावा जास्त असतो, तेव्हा भाव खरोखर पडतो. त्याला 'पाडला' म्हणणं म्हणजे रागाच्या भरात बोलणं. पण २०२१ आठवा. ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव होता. त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, कोंबडीखाद्य महागलं म्हणून. नवं सोयाबीन मोंढ्यात आलं तोवर भाव जवळजवळ निम्म्यावर. तरीही तो त्या वर्षीच्या ३९५० च्या हमीभावाच्या वर होता, हे खरं. आवकेचाही त्यात वाटा होता, हेही खरं. पण निर्णय कागदावर आहे, तारखेसकट. कोंबडीखाद्य स्वस्त करायचं ठरवून पेंड आणली, म्हणजे सोयाबीन उतरणार हे माहीत असूनच आणली. तिथे 'पडला' लिहिणं मला पटत नाही. फार सवलत द्यायची तर 'सरकारच्या हातून पडला' लिहा.

२०२४ मध्ये हमीभाव ४८९२ होता आणि मोंढ्यात त्याच्या खालीच सौदे होत होते. त्यात आवक किती, जगातली मंदी किती आणि धोरण किती, यावर वाद घालता येईल, घालावाच. पण बातमीत सरळ 'पडले' छापलं की तो वाद सुरूच होत नाही. पडलेल्या गोष्टीबद्दल कोण कुणाला विचारणार?