राईड 'सुरू' आहे, पण आतला यती हलतोय का?

थीम पार्कची अॅप्स साधारण दोन गोष्टी सांगतात: राईड सुरू की बंद, आणि रांग किती मिनिटांची. आतले इफेक्ट चालतायत का, हे त्यात नसतं.

गाजलेलं उदाहरण फ्लोरिडातल्या डिस्नेच्या 'एक्स्पिडिशन एव्हरेस्ट'चं. २००६ मध्ये राईड सुरू झाली आणि अंगावर झेपावणारा तिचा महाकाय यती काही काळातच थांबला. मग लुकलुकणारे दिवे सोडून तो हलल्याचा भास केला गेला. चाहत्यांनी नाव ठेवलं 'डिस्को यती'. राईड मात्र 'सुरू'च!

खरी माहिती राईडमधून उतरणाऱ्याकडे असते. म्हणून चाहतेच इफेक्टनिहाय नोंदी ठेवतात. आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकातल्या 'सलीमगढ'सारख्या राईडसाठीही हे जमेल. वैरागहून तिथे जायला सहा तास तरी लागतात, तेव्हा आधी कळलेलं बरं.

असं अॅप लिहायचं तर मी तीन नियम ठेवेन. एक, कालच्या नोंदीला महिन्यापूर्वीच्या नोंदीपेक्षा जास्त वजन, कारण बिघाड दुरुस्तही होतो. दोन, 'राईड कशी होती?' न विचारता 'यतीचा हात हलला का?' असं नेमकं विचारायचं. तीन, एकाच्या उत्तरावर निकाल नाही. तो तेव्हा दुसरीकडे बघत असेल.

पण याला मर्यादा आहे. सोलापूरच्या गड्डा यात्रेतल्या पाळण्याचे दिवे लागतात का, हे गर्दी सांगू शकते. बोल्ट घट्ट आहेत का, हे नाही. ते तपासणाऱ्याचंच काम, तिथे लाईक मोजून चालत नाही.